न दुखणारा डोळा

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. वर्तनाने शांत, बोलण्यात चुणचुणीत. तोंडी प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा बरोबर द्यावयाचा. परंतु फळ्यावरील उदाहरण वहीत उतरवून घ्यावयास सांगितले की त्याच्या हातून हटकून चूक होई. तिनाचा आठ होई, अधिकाचे चिन्ह गुणाकाराचे होई, एखादी ओळ अजिबात गळून जाई. आम्ही त्यास प्रथम समजावून सांगितले, मग रागे भरलो, आणि अखेरीस एके दिवशी साऱ्या वर्गादेखत त्यास 'निष्काळजी' म्हणून तासभर उभे केले. तो मुकाट्याने उभा राहिला.

पुढे दोन महिन्यांनी सरकारी रुग्णालयातील मंडळी मुलांचे डोळे तपासण्यास शाळेत आली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगण्यात आला. त्या मुलास वरचे एक मोठे अक्षर तेवढे वाचता आले. यथावकाश त्यास चष्मा मिळाला. तेव्हा आम्ही त्यास विचारले, "अरे, फळ्यावरचे दिसत नाही, असे तू कधीच का सांगितले नाहीस?" तो गोंधळून म्हणाला, "सर, मला वाटायचं, फळ्यावरचं पुढच्या मुलांनी वाचायचं आणि मागच्यांनी त्यांना विचारून लिहायचं, अशीच शाळेची पद्धत आहे."

त्या उत्तराने आम्ही खजील झालो. ज्याचे जग हळूहळू अंधुक होत जाते, त्यास ते पूर्वी किती स्पष्ट होते याची आठवण राहत नाही. इतरांस आपल्याहून अधिक दिसते, हे त्यास कोण सांगणार? त्याचा डोळा लाल झाला असता किंवा दुखला असता, तर तो बोलला असता आणि आम्हीही पाहिले असते. परंतु डोळा दुखत नव्हता. या न दुखणाऱ्या डोळ्यासंबंधी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावेत, असे आम्ही योजिले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: डोळ्यांच्या काही तक्रारी गाजावाजा करीत येतात, तर काही पावले न वाजविता येतात. पहिल्यांच्या मागे आपण धावतो आणि पुष्कळदा भलत्याच दिशेने धावतो. दुसऱ्यांकडे आपले लक्षच जात नाही. आणि शाळकरी मुलांची दृष्टी अधू होते ती बहुतकरून या दुसऱ्या प्रकारच्या तक्रारींनी.

प्रथम गाजावाजा करणाऱ्या तक्रारी पाहू. यांत सर्वांच्या परिचयाची म्हणजे डोळे येणे. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात हिची मोठी साथ आली. पुणे जिल्ह्यातील आळंदी व आसपासच्या पुष्कळ शाळकरी मुलांस तिने गाठले. त्या दिवसांत डोळे आलेल्या मुलाकडे पाहावयासही लोक भीत असत. नुसत्या नजरेने हा रोग जडतो, अशी समजूत फार जुनी आहे. परंतु ती खरी नव्हे. रोग्याच्या डोळ्यांतील पाणी त्याच्या हाताला लागते, हातावरून ते रुमालास, पंचास, दाराच्या कडीस व मित्राच्या पेन्सिलीस लागते, आणि तेथून दुसऱ्याच्या हाताने त्याच्या डोळ्यांत जाते. काळा चष्मा लावल्याने रोग्यास उजेडाचा त्रास कमी होतो इतकेच. शेजाऱ्याचे रक्षण होते ते साबणाने हात धुतल्याने, पंचा वेगळा ठेवल्याने आणि मुलास काही दिवस घरी ठेवल्याने. विषाणूंमुळे आलेले डोळे बहुधा एकदोन आठवड्यांत आपोआप बरे होतात.

आपोआप बरे होतात म्हणूनच या रोगावर प्रत्येक घरगुती उपाय गुणकारी ठरतो! कोणी अंगावरचे दूध घालतो, कोणी मध, कोणी तूप, कोणी एरंडेल. आठ दिवसांनी डोळा निवळतो आणि कीर्ती मात्र मधाची होते. परंतु तोच मध एखाद्या वेळी बुबुळास जखम झालेल्या डोळ्यांत पडला, तर त्याबरोबर जंतूही आत जातात. जखम चिघळते, पुढे डोळ्यांत फूल पडते व दृष्टी कायमची जाते. उसाच्या पात्याने किंवा भाताच्या तुसाने डोळ्यास ओरखडा उठला असता शेतकरी घरांत असे प्रसंग घडतात. कोणत्याही गोष्टीवर 'डोळ्यांत तेल घालून' लक्ष ठेवावे, असे आपण म्हणतो. म्हणणे उत्तम आहे. परंतु ते तेल बोलण्यातच राहू द्यावे, प्रत्यक्ष डोळ्यांत घालू नये. काजळ व सुरमा यांचीही तीच गोष्ट. काही सुरम्यांत शिसे असते, आणि लहान मुलांच्या शरीरास व बुद्धीस शिसे अपायकारक आहे.

घरगुती औषधाहूनही अधिक भय आम्हांस वाटते ते दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांचे. काही मुलांचे डोळे उन्हाळा आला की खाजतात, लाल होतात, त्यांतून तारा सुटतात. मुले डोळे चोळतात, आणि चोळल्याने खाज वाढते. अशा वेळी कोणीतरी स्टेरॉइड या जातीचे थेंब आणून देतो. एका दिवसात डोळा पांढरा स्वच्छ दिसू लागतो. मग त्याच बाटलीची खूण सांगून दुसरी आणली जाते, तिसरी आणली जाते. महिनोन् महिने असे थेंब घातल्याने डोळ्याच्या आतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, कोवळ्या वयात मोतीबिंदूही होऊ शकतो. हे औषध वाईट नाही. वैद्याच्या नजरेखाली ते फार उपयोगाचे आहे. परंतु शेजाऱ्यास लागू पडलेली बाटली आपल्या मुलाच्या डोळ्यांत घालणे हा शुद्ध अविचार होय.

रांजणवाडी झाली असता स्वच्छ फडके कोमट पाण्यात भिजवून दिवसातून तीनचार वेळा शेकावे. ती पिळू नये. पुनःपुन्हा होऊ लागली तर डोळे तपासून घ्यावेत. डोळ्यांत कचरा गेला तर चोळू नये, पाण्याने धुवावे. आणि एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी: आमच्याकडे तंबाखूबरोबर खाण्याच्या चुन्याच्या पुड्या व डब्या घरोघर असतात. मुले ती पुडी खेळावयास घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना डोळ्यांत उडतो. चुना डोळ्यास जाळीत आत आत जातो. अशा वेळी वैद्याकडे धावण्यापूर्वी, त्याच क्षणी, हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याची धार डोळ्यांत धरावी. निदान पंधरा मिनिटे ते अर्धा तास डोळा धूत राहावा, चुन्याचे कण काढून टाकावेत, आणि मग विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पहिल्या पाच मिनिटांतील तांब्याभर पाणी हे नंतरच्या पुष्कळ औषधांहून मोलाचे असते.

विटीदांडू, धनुष्यबाण, दिवाळीचे फटाके, रंगपंचमीचे फुगे यांनीही दरवर्षी मुलांचे डोळे जातात. लुई ब्रेल हे नाव आमच्या विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. फ्रान्सातील एका खेड्यात 1809 साली हा जन्मला. बाप घोड्यांचे साज शिवणारा. तीन वर्षांचा लुई बापाच्या कारखान्यात खेळत असता चामडे भोसकण्याची आरी त्याच्या एका डोळ्यास लागली. तो डोळा चिघळला, आणि पुढे दुसरा, मुळीच इजा न झालेला डोळाही गेला. बोटांनी वाचावयाची लिपी शोधून त्याने जगातील अंधांवर अपार उपकार केले; परंतु कोणत्याही बापाने आपली आरी मुलाच्या हाती लागेल अशी ठेवू नये, हाही त्या चरित्राचा एक धडा आहे.

लाल डोळ्यासंबंधी इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे की, डोळा लाल असून त्याबरोबर तीव्र वेदना असेल, दिसणे कमी झाले असेल, उजेड सहन होत नसेल, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. वर सांगितलेल्या तक्रारी निदान आपल्या आगमनाची वर्दी तरी देतात. परंतु त्या शेवटच्या बाकावरील मुलाचा रोग कोणतीही वर्दी न देता आला होता. त्यास ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो. वाढत्या वयात तो प्रमाणाबाहेर लांबला म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा आतील पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते आणि दूरचे अंधुक दिसते. एक मिलिमीटर लांबी वाढली तरी सुमारे अडीच ते तीन नंबरांचा चष्मा लागतो. डोळा एवढासा, लांबी एवढीशी. परंतु तेवढ्याने फळा दिसेनासा होतो.

दुसरा मुका रोग याहून कपटी आहे. एका डोळ्याचा नंबर फार व दुसऱ्याचा थोडा असेल, किंवा एक डोळा तिरळा असेल, तर मेंदू चांगल्या डोळ्याचे ऐकतो आणि दुसऱ्याचे ऐकणे सोडून देतो. न ऐकलेला डोळा हळूहळू पाहणेच विसरतो. यास 'आळशी डोळा' असे नाव आहे. मूल धावते, खेळते, वाचते. कारण एक डोळा दोघांचे काम करीत असतो. लहानपणीच, साधारण सातव्या वर्षाच्या आत, हा दोष ध्यानात आला तर योग्य चष्मा देऊन व चांगला डोळा रोज काही तास झाकून आळशी डोळ्यास कामाला लावता येते. वय वाढले म्हणजे हे काम कठीण होत जाते, आणि पुढे चष्म्यानेही त्या डोळ्यास नीट दिसत नाही. तिरळेपणा हे भाग्याचे लक्षण होय, असे कित्येक घरांत मोठ्या कौतुकाने बोलतात. त्या मुलाचे भाग्य कशात आहे म्हणाल, तर आईबापांनी या समजुतीकडे पाठ फिरवून त्यास वेळेवर वैद्याकडे नेण्यात आहे. तसेच लहान मुलाच्या डोळ्याच्या मध्यभागी, विशेषतः छायाचित्रात, पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये; ते डोळ्यातील गाठीचे चिन्ह असू शकते, आणि तेथे डोळ्याबरोबर प्राणाचाही प्रश्न असतो.

तिसरा रोग पोटातून येतो. अन्नातील 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की मुलास तिन्हीसांजेस दिसेनासे होते. ते अंगणात अडखळते, जेवताना ताट चाचपते. यासच रातांधळेपणा म्हणतात. दुर्लक्ष केल्यास पुढे बुबुळ कोरडे पडून विरघळावयास लागते. आपल्या देशात 1970 पासून लहान मुलांस या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची योजना चालू आहे. नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत असे नऊ डोस असतात. ज्यांच्या घरी लहान भावंडे आहेत त्यांनी ते चुकवू नयेत. आणि शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पिकलेला आंबा, पपई, दूध, अंडी यांपैकी जे परवडेल ते पानात वाढावे. शेवगा तर परसात फुकट उगवतो. शेंगा तेवढ्या काढून पाला टाकून देणे हे आम्हांस घरातील धन रस्त्यावर फेकण्यासारखे वाटते.

हे रोग मुके आहेत, परंतु अगदीच अदृश्य नाहीत. मूल डोळे बारीक करून पाहते, पुस्तक नाकाशी धरते, दूरदर्शन संचाच्या अगदी जवळ जाऊन बसते, मान कलती ठेवून वाचते, चेंडू झेलताना चुकते, संध्याकाळी कपाळ दुखते म्हणते, किंवा अचानक अभ्यासात मागे पडते. यांपैकी काही दिसले तर शिक्षा करण्याच्या आधी डोळे तपासावेत. हा क्रम आम्ही एकदा उलटा केला. आमच्या वाचकांनी करू नये.

आता चष्म्यासंबंधी जे आक्षेप आमच्या कानी येतात, त्यांचा विचार करू. त्या मुलाचे वडील प्रथम म्हणाले होते, "सर, आमच्या घरात आजवर कुणाला चष्मा लागला नाही. एवढ्या लहान वयात लावला की नंबर चढतच जायचा." ही शंका पुष्कळ सुज्ञ माणसांस असते. नंबर वाढतो हे खरे. परंतु तो चष्म्यामुळे वाढत नाही, वाढत्या अंगाबरोबर डोळा लांबत जातो म्हणून वाढतो. जुने कपडे आखूड होतात, ते कपड्यांच्या दोषामुळे काय? मलेशियात काही मुलांस मुद्दाम थोडा कमी नंबराचा चष्मा देऊन दोन वर्षे पाहण्यात आले. त्याचा वृत्तान्त 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा नंबर थांबला तर नाहीच. उलट पूर्ण नंबराचा चष्मा लावणाऱ्या मुलांपेक्षा किंचित अधिक वाढला. याउलट चीनमधील गान्सू व शान्शी या प्रांतांत गरजू मुलांस चष्मे फुकट देऊन पाहिले, तेव्हा वर्षअखेर त्यांचे गणिताचे गुण वाढलेले दिसले. हा वृत्तान्त 2014 चा आहे. शिकवणी नव्हे, नवे पुस्तक नव्हे. केवळ फळा दिसू लागला.

दुसरा आक्षेप मुलींच्या बाबतीत येतो. एका मातेने आम्हांस स्पष्टच सांगितले, "सर, पोरीला चष्मा लागला म्हटलं की उद्या स्थळं कशी यायची?" त्या माउलीची चिंता आम्ही हसण्यावारी नेत नाही. समाज असा आहे, हे तिने आम्हांहून अधिक पाहिले आहे. परंतु आम्ही तिला जे सांगितले तेच येथे लिहितो: मुलीस आज चष्मा दिला नाही तर तिचा नंबर जात नाही, केवळ तिचा अभ्यास जातो. आणि जो मुलगा किंवा जे घर दोन काचांसाठी एखाद्या शहाण्या मुलीस नाकारील, त्या घरी ती गेली नाही यात तिची हानी कोणती? मुलांनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. चष्मा लावून आलेल्या सोबत्यास 'ढापण्या' म्हणून हाक मारणारा विद्यार्थी आपण विनोद केला असे समजतो. परंतु त्या एका शब्दामुळे कित्येक चष्मे घरून निघून दप्तरातच राहतात. आमच्या मते वर्गात केलेल्या कित्येक मोठ्या अपराधांहून हा अपराध अधिक नुकसान करणारा आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो खरा आहे, परंतु त्यास उपाय आहे. साधा चष्मा काही शे रुपयांत मिळतो. शिवाय अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू असून त्यात शाळकरी मुलांची तपासणी व गरजूंस मोफत चष्मा यांची सोय आहे. यात भीक नाही; ही आपल्याच करांतून झालेली व्यवस्था आहे. चौथा आक्षेप म्हणजे व्यायामाने, गवतावर अनवाणी चालल्याने किंवा गाजराच्या रसाने नंबर जातो, हा. व्यायाम करावा, चालावे, गाजरही खावे. परंतु लांबलेला डोळा यांपैकी कशानेही आखूड होत नाही. फार मोठा नंबर झाला तर पुढील आयुष्यात डोळ्यातील पडदा सुटणे, काचबिंदू होणे अशी संकटे संभवतात. नंबर वाढण्याचा वेग कमी करणारी काही औषधे व खास काचा आता निघाल्या आहेत. त्यांविषयी नेत्रवैद्यास विचारावे, जाहिरातीस विचारू नये.

मग नंबर लागूच नये म्हणून काही करता येते काय? येते, आणि येथे आमचा रोख पालकांइतकाच आम्हां शिक्षकांकडेही आहे. चीनमधील क्वांगचौ शहरातील बारा शाळांत हा प्रयोग झाला. पहिलीच्या काही मुलांस रोज चाळीस मिनिटे अधिक, शाळेबाहेर उघड्यावर ठेवले. इतरांचा क्रम नेहमीप्रमाणे चालू दिला. तीन वर्षांनी पाहता, बाहेर खेळणाऱ्यांपैकी 30.4 टक्के मुलांस ऱ्हस्वदृष्टी झाली होती, तर इतरांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. हा वृत्तान्त 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तैवानमध्ये 2010 पासून शाळांनी मुलांस रोज दोन तास बाहेर ठेवावे, असा उपक्रम आहे. दिवसाच्या मोकळ्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात जी द्रव्ये उत्पन्न होतात ती डोळ्याची अवाजवी लांबी रोखतात, असे शास्त्रज्ञ मानतात. उन्हात होरपळण्याची आवश्यकता नाही. झाडाच्या सावलीतही घराच्या आतील उजेडाच्या कितीतरी पट उजेड असतो. सूर्याकडे मात्र, ग्रहणात असो वा एरवी, थेट कधीही पाहू नये.

असे असता आपण करतो काय? परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणितास देतो. सायंकाळी मैदानावर जावयाच्या वेळी मुलास शिकवणीस पाठवितो. रात्री तो थकला म्हणून त्याच्या हाती मोबाइल देतो. चार वर्षे दिवसभर जवळचेच पाहावयास लावून पाचव्या वर्षी त्यास दूरचे दिसत नाही, याचे आपणास आश्चर्य वाटते! सन 2050 पर्यंत जगातील निम्मी माणसे ऱ्हस्वदृष्टीची होतील, असा अंदाज काही संशोधकांनी 2016 मध्ये वर्तविला. आमचे स्पष्ट मत असे आहे की, खेळाचा तास हा डोळ्यांच्या आरोग्याचा तास आहे, आणि तो कोणत्याही विषयाच्या शिक्षकाने, अगदी गणिताच्या शिक्षकानेही, उसना मागू नये. आम्ही स्वतः गणित शिकवितो, म्हणून हे अधिकाराने लिहितो.

वाचताना उजेड पुरेसा असावा, पुस्तक हातभर दूर असावे, आणि दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर, वीस फुटांपलीकडे, थोडा वेळ पाहावे. याने डोळ्यांचा शीण कमी होतो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या मिटावयाच्या राहतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. अशा वेळी थेंब शोधण्यापूर्वी पडदा बंद करून पाहावा.

पालकांनी आपल्या डोळ्यांसही विसरू नये. चाळिशीनंतर जवळचे वाचावयास चष्मा लागतो. त्या चष्म्यासच आपल्या भाषेने 'चाळिशी' हे नाव देऊन टाकले आहे, इतके ते स्वाभाविक आहे. त्या निमित्ताने डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा. कारण काचबिंदूही बहुधा न दुखता, कडेकडेची दृष्टी खात येतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते, काचबिंदूने गेलेली परत येत नाही. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी, स्पष्ट दिसत असले तरी, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.

हे सर्व वाचून कोणी निराश होऊ नये. खुपरीने आमच्या आज्यापणज्यांच्या काळात घरेच्या घरे आंधळी होत. त्या खुपरीचे सार्वजनिक आरोग्यास असलेले भय आपल्या देशातून दूर झाले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये जाहीर केले. स्वच्छ पाणी, धुतलेले चेहरे, योग्य औषध आणि पुष्कळ वर्षांची चिकाटी, इतक्यावर हे साधले. तेव्हा चष्म्याच्या दोन काचा वेळेवर मुलांच्या डोळ्यांवर चढविणे आपणांस अशक्य का व्हावे?

म्हणून प्रत्येक घराकडे आमची एकच विनंती आहे. येत्या जूनमध्ये नव्या पुस्तकांस वेष्टने घालण्याच्या दिवशी, मुलास भिंतीवरील दिनदर्शिकेपासून दहा पावलांवर उभे करावे. तळहाताने, न दाबता, त्याचा एक डोळा झाकावा व अंक वाचावयास सांगावे. मग दुसरा झाकावा. दोन डोळ्यांत फरक दिसला, किंवा घरातील धडधाकट डोळ्याच्या माणसास जे दिसते ते त्यास दिसले नाही, तर त्यास नेत्रवैद्याकडे न्यावे. ही काही वैद्यकीय तपासणी नव्हे. परंतु यास पाच मिनिटे लागतात आणि पैसा मुळीच लागत नाही. डॉक्टर स्नेलेन याने 1862 साली अक्षरांचा तक्ता तयार केला, तेव्हापासून जगभर नेत्रवैद्य हेच काम अधिक काटेकोरपणे करीत आले आहेत.

आम्हीही आमच्या बाजूने एक नियम करून ठेविला आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर एक ओळ लिहून शेवटच्या बाकापासून प्रत्येकास ती वाचावयास लावतो, आणि ज्यास वाचता येत नाही त्यास, कारण न विचारता, पुढे बसवितो व घरी चिठ्ठी पाठवितो. हा नियम आम्हांस एका मुलाने शिकविला. त्यास ज्या तासाला आम्ही उभे केले होते, तो तास आता त्यास परत देता येत नाही. परंतु तसा तास दुसऱ्या कोणा मुलाच्या वाट्यास येऊ नये, एवढे आपण सर्वांनी मिळून पाहावे.